साबणावरची टाच

मी माडावरून पडलो नाही. कधीच नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या बायकोची तशी अट आहे. "आधी ते लिवा," म्हणाली, "नायतर पुढं गेल्यावर तुमी फिरवाल." ती इथेच ओटीवर वाल सोलत बसली आहे आणि दर दोन ओळींनी विचारते, "कुठवर आलं?" तिला म्हटलं, अगं, अजून मी पडलोसुद्धा नाही.

शाळा मी तिसरीपर्यंत केली. चौथीत गुरुजी म्हणाले, हात पुढे कर. मी केला नाही. गुरुजी हट्टी, मीही हट्टी. ते शाळेत राहिले, मी वाडीत आलो. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

आमचं घर केळव्याला, समुद्रापासून जरा आत, वाडीत. माड, पोफळी, केळी, दोनचार चिकू. पायात दोरीचा वेढा, कमरेला आकडी, आकडीत कोयता, असा मी साठ वर्षं माडावर चढलो. माझ्याबरोबरचे कितीतरी पडले. कुणाचा खुबा गेला, कुणाची कंबर. मी पडलो नाही. सत्तरी झाली तेव्हा मुलाने बंदी घातली. पण मुलगा बोईसरला राहतो, आणि माड काही फोन करून चुगली करत नाही. शहात्तराव्या वर्षापर्यंत चढलो आणि मोजून तेवढ्याच वेळा उतरलो.

असा मी आमच्या न्हाणीत साबणावरून घसरून पडलो.

न्हाणी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर तीन बाजूंनी विटा, वर पत्रा आणि खाली कातळाची लादी. लादी माझ्या बापाने बसवलेली. शेजारी पाणी तापवायची चूल. लादीवर शेवाळ होतं, हे काही मला नवीन नव्हतं. बायको चार वर्षं सांगत होती, अवो, हितं धरायला दांडा लावा, शेवाळ घासून काढा. मी म्हणायचो, माझा बाप ह्याच लादीवर नव्वदीपर्यंत न्हायला. ती म्हणायची, "तुमचे बाबा बसून न्हायचे. तुमी उभं राहून नाचता."

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तोंडाला साबण लावला होता, डोळे मिटले होते. पायातल्या सपातेचा अंगठा तुटलेला, तारेने बांधलेला, टाच सारखी बाहेर यायची. पडायला किती वेळ लागतो, ह्याचा विचार मी माडावर बसून पुष्कळ केला होता. वाटायचं, खाली येता येता माणसाला देव आठवेल, बायको आठवेल, कुठे काय ठेवलंय ते आठवेल. काही नाही हो. साबण गेला, मग पाय गेला, मग मी गेलो. डोळे उघडले तर पत्रा दिसला. उजवं मनगट असं दुखत होतं की ओरडलो. मग पंचा सावरत, गुडघ्यांवर रांगत न्हाणीच्या बाहेर आलो आणि परसातल्या माडाला पाठ लावून बसलो.

ओरडणं ऐकून शेजारच्या वाडीतला माझा जोडीदार धावत आला. धावत म्हणजे लंगडत. दोन वर्षांपूर्वी त्याला बैलाने उडवलं होतं, तेव्हापासून तो एका बाजूला झुकतो. आम्ही एका वयाचे, एकाच गुरुजींचे नावडते, आणि चढणारेही दोघं. आमच्या आयुष्यात पडणं म्हणजे वरून पडणं. त्याने मला बघितलं, मग मान वर करून माड बघितला.

"पडलास?" म्हणाला. "ह्यावरनं?"

मी एक श्वास घेतला. त्या एका श्वासात सगळं दिसलं. मी खरं बोललो तर संध्याकाळपर्यंत अख्खी आळी हसणार, साठ वर्षं माडावर तरला आणि अंघोळीत बुडाला म्हणून.

"ह्यावरनंच," मी म्हणालो.

"साबण लावून?"

हे माझ्या लक्षातच नव्हतं. कानात, मिशीत, पोटावर, सगळीकडे फेस.

"न्हात होतो," मी म्हणालो. "वर एक सुका नारळ सुटायला आलेला दिसला. ती खाली कपडे वाळत घालते. तिच्या डोक्यात पडला असता. तसाच चढलो."

जोडीदाराने माझ्याकडे असं बघितलं, जसं देवळात बघतात. "पंचा नेसून," तो हळूच म्हणाला. "ह्या वयात."

बायको मागच्या दारात उभी होती. तिने मला बघितलं, माड बघितला, मग न्हाणीत गेली आणि बाहेर आली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसली की मी हिशेबाने घाबरतो.

पालघरला दवाखान्यात फोटो काढला. मनगटाचं हाड तडकलं होतं. डॉक्टर पोरसवदा होते. किती उंचीवरून पडलात, विचारलं. मी म्हटलं, चाळीस फूट. त्यांनी फोटो उजेडाला धरला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"चाळीस फुटांवरून पडून नुसतं मनगट?"

"खाली झावळ्या होत्या."

बायको म्हणाली, "डॉक्टर, कानातलं पण बघा. साबण गेलाय."

तिथेच मुलगा आला. तो तारापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टीच्या खात्यात आहे. कोण कुठून पडला, का पडला, पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं, हीच त्याची नोकरी. बापाला मिठी मारायच्या आधी त्याने खिशातून छापील कागद काढला. पडण्याची उंची? पायात काय होतं? पृष्ठभाग ओला की कोरडा? ह्या शेवटच्या प्रश्नाला मी जरा अडखळलो. कोरडा, म्हणालो. बायको खोकली.

घरी आल्यावर संध्याकाळी तिने पदराआडून कागदाची पुडी काढली. आत चंदनाचा साबण. साबणावर माझी टाच, पूर्ण उमटलेली, भेगांसकट. आपली टाच माणूस आयुष्यात कितीदा बघतो? पण मी ती लगेच ओळखली.

तिने पुडी बांधली, तांदळाच्या डब्यात खोल खुपसली आणि झाकण लावलं.

"तिथं कशाला?" मी विचारलं.

"ऱ्हाऊदे. सुकी ऱ्हाते."

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. आमच्याकडे माडावरून पडलेल्या माणसाला भेटायला जायची रीतच आहे. जाताना शहाळं न्यायचं नाही, तो माडाचा माल, त्या माणसाला तो काही दिवस दाखवायचा नाही. म्हणून केळी आली, चिकू आले, बिस्किटांचे पुडे आले. मी खाटेवर लोडाला टेकून सांगायचो. पहिल्या दिवशी माड चाळीस फुटांचा होता, तिसऱ्या दिवशी साठ झाला. सुका नारळ एक होता, त्याचे चार झाले. शनिवारी तर शेजारच्या घरात उतरलेले मुंबईवाले पाहुणे आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथे साबण लावून माडावर चढणारे आजोबा आहेत. एका मुलीने विचारलं, साबण लावला की चढायला सोपं जातं का? मी म्हटलं, सवय लागते.

मी इतका खूश होतो की हाताच्या दुखण्याची मला आठवण करून द्यावी लागायची.

आणि अशा भर दरबारात बायको चहाचे कप घेऊन यायची आणि मला म्हणायची, "जेवायला काय करू? तांदळाचा डबा उघडू?"

पहिल्यांदा असं म्हणाली तेव्हा माझ्या घशात चहा अडकला. माणसं गेल्यावर तिने सांगून टाकलं. "न्हाणीत दांडा लावा. शेवाळ घासून घ्या."

मी म्हटलं, लावतो. हाताला प्लास्टर असल्याने जोडीदाराला बोलावून बांबू बांधून घेतला. गाठ मी सांगितली, माडावरची. ती गाठ माणसाचं वजन तोलते. बायकोने दोन्ही हातांनी बांबू धरला आणि लटकली. बांबू खाली आला, ती चौरंगावर बसली, जोडीदार म्हणाला, "वैनी, तुमी पण चढनारच काय?" मग बोईसरवरून लोखंडी नळी आणून नळवाल्याकडून भिंतीत पक्की करून घेतली. पण तो म्हणाला, झालं काम, तेव्हा मी नाही म्हटलं. ओल्या हाताला साबण असला की लोखंड निसटतं. साठ वर्षं दोर धरला, एवढं मला कळतं. नळीला वरून खालपर्यंत काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून घेतली. आता धरा, म्हटलं. बायकोने धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. एवढी एकच शाबासकी मिळाली मला त्या दिवसांत.

पण शाबासकीने डबा बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी तिने न्हाणीच्या चुलीकडे बोट दाखवलं. चुलीला लागूनच नारळाच्या सोडणांचा ढीग, वर सुक्या झावळ्या, वर पत्रा. जळण हाताशी असावं, ही माझी पद्धत. ती म्हणाली, "ठिणगी पन हाताशीच असते." ढीग विहिरीपलीकडे गेला. तिसऱ्या दिवशी गॅसची नळी. नळीला भेग पडली होती, मी वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. नवीन नळी बसवणारा माणूस ते बघून म्हणाला, "आजोबा, किती दिवस असं चालवताय?" मी म्हटलं, तीन वर्षं. तो जरा मागे सरकला. चौथ्या दिवशी देव्हाऱ्याचा जरीचा पडदा निघाला, कारण समईची ज्योत वाऱ्याने त्याच्याकडे वळायची. मी म्हटलं, देव उघडे पडले. ती म्हणाली, "देवांना चालतं. जळालेले चालत नाय."

पाचव्या दिवशी बिडी.

इथे मी लढलो. झोपून बिडी ओढणं हा माझा एकच ऐषाराम. तिने माझी गोधडी आणून माझ्या अंगावर पसरली. सात भोकं होती. एकातून माझा गुडघा बाहेर बघत होता.

"हे आठवं छातीवर पडंल," ती म्हणाली.

तह झाला. बिडी ओटीवर, बसून, आणि करवंटीत पाणी घालून त्यातच विझवायची. ती करवंटी आत्ताही माझ्या डाव्या हाताला आहे.

गंमत अशी की घर बदलत होतं आणि मला कारण सांगता येत नव्हतं. जोडीदार विचारायचा, माडावरनं पडलास तर न्हाणी का दुरुस्त करतोस? मी म्हणायचो, बायकोची हौस.

मग गुरुवारी मुलाचा फोन आला.

"बाबा, रविवारी झाड कापणाऱ्याला घेऊन येतो. तो परसातला माड काढून टाकू."

"काढून?"

"आमच्याकडं पहिला नियम हाच हाय. माणसाला सांगत बसायचं नाय, धोकाच काढून टाकायचा. तो माड असेपर्यंत तुमी चढनार."

आता त्या माडाविषयी सांगतो. बायको माहीमची. आमच्या शेजारचं माहीम, मुंबईचं नव्हे. लग्नात तिच्या वडिलांनी कोंब फुटलेला एक नारळ दिला होता. तो तिने स्वतःच्या हाताने न्हाणीजवळ लावला, पाणी तिथलंच जायचं म्हणून. तिचे वडील गेले, आई गेली, भावांनी ती वाडी विकली. माहीमचं म्हणून तिच्याकडे एक पितळी तांब्या आहे आणि हा माड. पडल्यावर रांगत जाऊन मी टेकलो तो ह्यालाच, आणि जोडीदाराने वर बघितलं ते ह्याच्याकडेच.

मी फोन ठेवला आणि म्हटलं, "तू सांग ना त्याला खरं."

ती तांदूळ निवडत होती. "माड माझ्या म्हायेरचा," म्हणाली. "खोटं तुमचं. चढलात तसे उतरा."

त्या दिवसानंतर तिने डब्याचं नाव काढलं नाही. धमकी बंद झाली. मला वाटलं नव्हतं की धमकीची माणसाला सवय लागते. शुक्रवारी ती माडाच्या बुंध्याशी झाडत होती, गरज नसताना, दोनदा.

मी मुलाला फोन केला. म्हटलं, माडावर घारीचं घरटं आहे. तो म्हणाला, फोटो पाठवा. पुन्हा केला. म्हटलं, माड कापला की विहीर आटते. म्हणाला, "मागच्या साली तुमीच दोन कापलेत." शनिवारी तिसरा फोन केला. म्हटलं, अरे, डोक्याला मार होता, आता आठवलं, तो हा माड नव्हताच, दुसरा होता.

"कुठला?"

मी खिडकीतून वाडी बघितली. हा बापाचा, हा आईच्या हातचा, हा पाच वर्षं वांझ राहून मग लागला तो. कुणाकडे बोट दाखवू? प्रत्येकजण माझ्याकडे बघत होता.

"ठीक हाय," मुलगा म्हणाला. "मग दोन्ही कापू."

रविवारी सकाळी ते आले. मुलगा डोक्यावर पिवळी टोपी घालून, सवयीने. कापणारा माणूस पन्नाशीचा, जाडजूड, मशीन खांद्यावर. जोडीदार माड पडताना बघायला कुंपणाशी उभा. कापणाऱ्याने माडाला दोर बांधला, कुठे पाडायचा ते डोळ्याने मापलं. बायकोने सगळ्यांना चहा दिला. मग माडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, हात टेकवला आणि आत निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कापणाऱ्याने मशीनची दोरी ओढली. मशीन खोकलं, बंद पडलं. दुसऱ्यांदा ओढायला हात लावला.

मी स्वयंपाकघरात गेलो. डबा खाली ओढला, डाव्या हाताने आत खुपसून शोधलं. तांदूळ जमिनीवर सांडला. ती कोपऱ्यात उभी राहून बघत होती. पुडी घेऊन बाहेर आलो, पायऱ्यांवर घसरू नये म्हणून नवी पट्टी मारली होती तिच्यावरून नीट उतरलो आणि कागद फाडून साबण सगळ्यांसमोर धरला.

"ह्याने पाडलं मला," मी म्हणालो. "माड चढलोच नाय मी. न्हाणीत घसरलो."

कापणाऱ्याने मशीन खाली ठेवलं. मुलगा पुढे आला, साबण हातात घेतला, उलटून पालटून बघितला. टाचेच्या ठशात तांदळाचे चार दाणे अडकले होते. त्याने खिशातून तोच छापील कागद काढला.

"उंची?"

"शून्य."

"पृष्ठभाग?"

"ओला. शेवाळलेला. बापाचा."

"ह्याच्या आधी धोक्याची सूचना कुणी दिली होती?"

"दिली होती," दारातून आवाज आला. "चार वर्सं."

आणि ती हसायला लागली. पदर तोंडात, डोळ्यांतून पाणी, एका हाताने दाराची चौकट धरून. मला वाटलं होतं, आळी हसेल तेव्हा मी मरेन. पण मीच हसायला लागलो, प्लास्टरमधला हात दुखेपर्यंत. फक्त जोडीदार हसत नव्हता. कुंपणाशी तो जमीन उकरत होता.

"तुला काय झालं रे?" मी विचारलं. "फसवलं म्हणून रागावलास?"

"मला बैलानं उडवलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग?"

"खाटेवरनं उतरताना मच्छरदानीत पाय अडकला."

आता सांगायचं म्हणजे, त्याचा बैल त्या पडण्याच्या आदल्या वर्षीच गेला होता. मी स्वतः त्याला पुरायला मदत केली होती. दोन वर्षं मी त्या बैलाला शिव्या घालत होतो, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की मेलेला बैल उडवेल कसा.

कापणाऱ्याने फोन काढला, बापाला लावला आणि बाजूला जाऊन जोरात बोलायला लागला. "बाबा, खरं सांगा. तुमी चिंचेवरनं पडले का? ... रागवत नाय, सांगा." बराच वेळ ऐकत राहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "पायपुसणं."

बस, तिथे आमची सगळ्यांची वाट लागली. मुलाने टोपी काढून तोंडावर धरली. जोडीदार कुंपण धरून खाली बसला. बायको म्हणाली, "पोहे टाकते, आता चिंचवाल्याच्या नावानं सगळे खाऊन जा."

माडाला बांधलेला दोर मी सोडू दिला नाही. एक टोक तिथेच राहू दिलं, दुसरं मागच्या दाराच्या कडीला बांधून घेतलं, कमरेच्या उंचीवर, ताणून. पावसाळ्यात परसातला चिखल ओलांडून न्हाणीपर्यंत आता ती तो दोर धरून जाते. मीही जातो. ती बघत नसेल तेव्हासुद्धा.

पुढच्या आठवड्यात जोडीदाराच्या खाटेशेजारी दिव्याचं बटण आलं आणि मच्छरदाणी वर गुंडाळायला नाडी. चिंचवाल्याच्या घरातलं पायपुसणं मुलाने स्वतः जाऊन काढून टाकलं म्हणतात. मुंबईवाले मात्र अजून येतात आणि साबण लावून चढलेला माड विचारतात. मी त्यांना न्हाणी दाखवतो. दांडा धरून बघायला लावतो. बरेचजण जरा नाराज होतात, पण दोनचार जण काथ्या कुठे मिळतो ते विचारून जातात.

साबण मात्र तिने टाकला नाही. परत पुडी करून डब्यात ठेवला. मी म्हटलं, आता सगळ्यांना माहीत आहे, आता काय उपयोग? ती म्हणाली, "तुमी अजून सपाता बदलल्या नाय."

आत्ताच पुन्हा विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, संपलं. म्हणाली, मग उठा, बाजारात जा, नऊ नंबर सांगा आणि खालून खरखरीत बघून घ्या. दोन महिने आमच्या भाताला चंदनाचा वास येतोय. मी जातो.